रॅम वाढवली तर भाषांतर पळेल का?

सगळ्यांना नमस्कार,

महिनाभर माहेरी, दादरला आहे. लिस्बनच्या सभासदांची पोर्तुगीज कागदपत्रं मराठीत आणायला मी लॅपटॉपवरच ८ अब्ज पॅरामीटरचं एआय भाषा मॉडेल चालवते. लोकांची खासगी माहिती असते, ऑनलाइन टाकायला नको वाटतं. पण ते फार रेंगाळतं. रॅम १६ जीबी आहे, ती ३२ करू का? दुकानदार म्हणतो, प्रोसेसरच जुना, नवीन लॅपटॉप घ्या. उद्या लॅमिंग्टन रोडला जाणार आहे.

– सचिव

---

सचिवबाई,

दुकानदाराचं ऐकू नका एवढ्यात. मॉडेल ४ बिटचं, म्हणजे दाबून लहान केलेलं असेल तर साधारण ५ जीबीचं होतं, म्हणजे तुमच्या १६ मध्ये ते आरामात बसतंय. अडतंय ते मेमरी बँडविड्थपाशी, म्हणजे रॅममधून सेकंदाला किती डेटा वाचता येतो तिथे. एकेक टोकन, म्हणजे शब्दाचा तुकडा, लिहिताना प्रोसेसरला ते अख्खे ५ जीबी रॅममधून पुन्हा वाचावे लागतात. डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते. भागाकार करा: सेकंदाला जेमतेम ५ टोकन. त्यात आपली देवनागरी महाग. एकाच मराठी शब्दाची कितीतरी टोकन होतात. पोर्तुगीज मजकूर वाचताना मात्र बरीच टोकनं एकदम हाताळता येतात, तिथे प्रोसेसरचा जोर कामी येतो.

आधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचे किती स्लॉट वापरात आहेत ते बघा. २ पैकी १ असेल तर तशीच १६ ची दुसरी पट्टी घ्या. दोन पट्ट्यांचे दोन चॅनल, म्हणजे वाचायचे दोन रस्ते, सुरू झाले की सेकंदाला ५१.२ जीबी. दुकानदार जुनी काढून ३२ ची एकच पट्टी बसवायला निघाला तर उठून या, जागा वाढेल, वेग तोच राहील.

रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

– परळचा काका

---

काका, २ पैकी १ च! पण भाचा म्हणतो ग्राफिक्स कार्डवाला पीसीच जुळवू, आरटीएक्स ४०६० टाकून.

– सचिव

---

पीसी घेणारच असाल तर त्याला म्हणावं जुनं ३०६० बघ, १२ जीबीवालं. इथेही कार्डाच्या मेमरीची बँडविड्थच बघायची: त्याची बस, म्हणजे मेमरीपर्यंतचा रस्ता, १९२ बिटची, ३६० जीबी प्रतिसेकंद. ४०६० ची १२८ बिट, २७२ जीबी, आणि मेमरीही ८ च. गेम खेळायला ४०६० सरस, पण भाच्याचा डाव तोच दिसतोय.

– काका