बेम्पेडोइक ॲसिड म्हणजे नक्की काय? बाबा गोळी घ्यायलाच तयार नाहीत

गच्चीवरची_तुळस:
बाबा ७१ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) चालू केलं की महिन्याभरात पिंढऱ्या इतक्या भरून येतात की जिना चढताना दोन्ही हातांनी कठडा धरून एकेक पायरी चढतात, तीन वेळा गोळी बदलून झाली, आता डॉक्टरांनी बेम्पेडोइक ॲसिड १८० एमजी दिलंय. बाबांनी भिंग लावून पाकीट वाचलं आणि कपाटात ठेवून दिलं, म्हणे ॲसिड कोण पोटात घेतं. मी वाचलं तर म्हणे हे फॅटी ॲसिडच आहे, मग चरबीवर चरबीचाच उपाय कसा? त्यांना ग्रेड १ फॅटी लिव्हर पण आहे, खूप काळजी वाटतेय.

औषधवाला:
ताई, शेंगदाणा तेलात ओलेइक ॲसिड असतं, ते आपण रोज खातो, बाबांना हे नक्की सांगा. ही १५ कार्बनची साखळी आहे, दोन्ही टोकांना ॲसिड, आणि त्याला लागून असलेल्या कार्बनवर दोन-दोन मिथाइल (एका कार्बनचे छोटे फाटे) बसवलेत. साधं फॅटी ॲसिड शरीर टोकाकडून दोन-दोन कार्बन तोडत जाळून टाकतं, इथे मिथाइल आडवे येतात म्हणून तोडायला सुरुवातच होत नाही. आणि गोळी गिळली तेव्हा औषध झोपलेलंच असतं, लिव्हरमधलं एक एन्झाइम त्याला कोएन्झाइम ए नावाचा रेणू जोडतं तेव्हा ते जागं होतं. ते एन्झाइम हातापायांच्या स्नायूंत नसतं, म्हणून तर पिंढऱ्या दुखणाऱ्यांना हे देतात. जागं झालं की एटीपी सायट्रेट लायेज नावाचं दुसरं एन्झाइम अडवतं, म्हणजे कोलेस्टेरॉलचा कच्चा मालच कमी पडतो (स्टॅटिन त्याच वाटेवर थोडं पुढे अडवतं), मग लिव्हर रक्तातलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ओढून घेतं.

कडू_कारलं:
मी दीड वर्ष घेतोय, पाय अजिबात दुखत नाहीत. पण युरिक ॲसिड ६.१ वरून ८.२ झालं आणि त्यानेच (गाऊट म्हणतात) एका रात्री पायाचा अंगठा असा सुजला की चादरीचा स्पर्श सहन होईना. किडनीतून युरिक ॲसिड बाहेर जाण्यात हे औषध आडवं येतं, मला आधी कोणी सांगितलंच नाही. आधी टेस्ट करून घ्या, कृपा करून.

गच्चीवरची_तुळस:
बापरे, हे माहीतच नव्हतं. बाबांना पूर्वी एकदा अंगठ्याला तसंच झालं होतं! आणि फॅटी लिव्हर कमी होईल का याने?

औषधवाला:
मग गोळी सुरू करायच्या आधी ते डॉक्टरांना सांगाच. घोट्यामागची शीर (टेंडन) कधी दुखावली असेल तर तेही, या औषधाने क्वचित ती तुटते. फॅटी लिव्हरसाठी हे औषध नाही हो, कच्चा माल तोच असला तरी ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) फारसं हलत नाही, तिथे वजन आणि रात्रीचा भात बघा. हृदयासाठी मात्र उपयोग आहे, २०२३ साली स्टॅटिन न सोसणाऱ्या जवळपास १४ हजार लोकांवरचा अभ्यास आला, त्यात हार्ट अटॅक वगैरे मोठे प्रसंग १३ टक्क्यांनी कमी दिसले. स्टेंटवाल्या माणसाने काहीच न घेणं हे मला जास्त धोक्याचं वाटतं.

गच्चीवरची_तुळस:
दादा, शेंगदाणा तेलाचं सांगितलं, पाकीट कपाटातून बाहेर आलंय. उद्या उपाशीपोटी रक्त देणार, त्यात युरिक ॲसिड पण लिहून घेतलंय.