शब्दचर्चा : चित्राचा 'भाव', 'प्रतीक' आणि 'सूचन'

प्रश्न : मोकळ्यावर खेळणाऱ्या मुलांच्या निसर्गचित्राविषयी लिहिताना 'मूड' या अर्थी कोणता मराठी शब्द वापरावा, आणि चित्रात दिसणाऱ्या गोष्टींना 'प्रतीक' कधी म्हणावे?

उत्तर : 'मनःस्थिती' हा शब्द येथे मला पटत नाही, कारण मनःस्थिती माणसाची असते. प्रकाश, अंतर, रंग आणि आकृत्यांची मांडणी यांतून संपूर्ण चित्रावर जे पसरते, त्याला 'भाव' किंवा 'भाववृत्ती' म्हणावे. अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर यांच्या १८७२ मधील 'स्नॅप द व्हिप' या चित्रावरून हे स्पष्ट होते. शाळेच्या छोट्या लाल इमारतीसमोर हात धरून साखळी केलेली मुले धावत आहेत. एका टोकाच्या मुलांनी पाय रोवले आहेत आणि त्या हिसक्याने दुसऱ्या टोकाची मुले गवतावर कोसळली आहेत. होमर यांनी या विषयावर दोन तैलचित्रे केली. ओहायोतील बटलर संग्रहालयातल्या मोठ्या चित्रात मुलांमागे डोंगररांग उभी आहे, तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या छोट्या चित्रात ती नाही आणि आकाश अधिक मोकळे आहे. खेळ तोच असूनही पहिल्यात मुले एका सुरक्षित ओंजळीत असल्यासारखी वाटतात, तर दुसऱ्यात त्यांच्या धावण्याला अडवणारे काहीच उरत नाही. म्हणून भाव मुलांच्या चेहऱ्यांपुरता शोधणे अपुरे आहे.

'प्रतीक' हा शब्द मात्र जपून वापरावा. कबुतर म्हणजे शांती, अशी संकेताने रूढ झालेली जोडी असेल तेथे तो शोभतो. होमर यांची साखळी अशी रूढ खूण नाही. ती काय सुचवते हे चित्राच्या रचनेतून आणि काळातून कळते.

प्रतिप्रश्न : अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण राज्यांमधले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि होमर यांनी ते 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकासाठी रेखाटले होते. मग तुटणारी साखळी दुभंगलेल्या देशाचे प्रतीक आहे, असे म्हणणे चूक ठरेल का?

उत्तर : अर्थ म्हणून तो ग्राह्य आहे, पण 'प्रतीक आहे' या निश्चयात्मक वाक्यामुळे बाकीचे अर्थ झाकले जातात. आपल्या काव्यशास्त्रातील 'व्यंजना', म्हणजे थेट न सांगता अर्थ सुचवण्याची शक्ती, येथे अधिक उपयोगी पडते : वाच्यार्थ, म्हणजे सरळ दिसणारा अर्थ, खेळाचाच राहतो आणि त्याच्या आधाराने एकजूट, ताण, हात सुटणे, बालपण संपणे असे अनेक अर्थ ध्वनित होतात. 'स्मरणरंजन' (गतकाळाच्या आठवणींत रमणे) हा शब्दही या चित्राला अर्धाच लागू पडतो, कारण खेड्यातल्या एकखोली शाळेविषयीची ओढ त्यात असली तरी पडणाऱ्या मुलांना चित्रकाराने गोड करून दाखवलेले नाही. 'निरागस' या विशेषणाचेही तसेच आहे. म्हणून मी असे लिहीन : 'चित्राचा भाव उल्हसित आहे, तथापि साखळीच्या टोकाशी वियोगाचे सूचन आहे.'