मदत हवी आहे: अर्धवट सुटलेल्या फॅनफिकचे वाचकाने काय करावे?

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याला राहते. इंग्रजी फॅनफिक, म्हणजे आवडत्या मालिका-पुस्तकांतली पात्रे घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, वाचण्याचा नाद मला बऱ्याच उशिरा लागला आणि माझे बहुतेक वाचन ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संकेतस्थळावर, म्हणजे सगळे ज्याला एओथ्री म्हणतात तिथे होते. हे हौशी लोकांचे विनामोबदला लेखन असल्यामुळे तक्रारीचा सूर लावणे शोभत नाही, हे मान्य आहे. तरीही काही गोष्टींनी जीव मेटाकुटीला येतो, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

सर्वांत मोठा त्रास अर्धवट कथांचा. एका गुप्तहेर मालिकेवरची एक दीर्घ कथा मी पावसाळ्यात वाचायला घेतली होती. तिच्या शेवटच्या प्रकरणात मृताच्या कोटाचे अस्तर उसवल्यावर गुप्तहेराला स्वतःच्याच हस्ताक्षरातले पत्र सापडते, आणि तिथेच कथा थांबते. प्रकरणांच्या रकान्यात ‘१९/?’ (एकोणीस प्रकरणे आली, एकूण किती ते ठाऊक नाही) असे दिसते, शेवटची तारीख २०१७ सालची आहे आणि खाली दरवर्षी कोणी ना कोणी येऊन ‘पुढचा भाग कधी?’ असे विचारून गेलेले आहे. ते पत्र त्याने कधी लिहिले, हे आता लेखिकेशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट पात्रांची. आमच्या भागात जत्रेला मराठी नाटके होतात आणि त्यांत पुराणातली पात्रे नव्या संहितेत, कधीकधी अगदी मनगढंत प्रसंगांत उभी केली जातात. त्याला प्रेक्षकांची हरकत नसते, पण कर्णाने कर्णासारखेच बोलले पाहिजे, नाहीतर पहिल्या रांगेतले आजोबाच कुजबुजू लागतात. फॅनफिकमध्ये मात्र मूळ मालिकेत मोजके बोलणारा, तुसडा माणूस दुसऱ्याच प्रकरणात रडत रडत पानभर मन मोकळे करतो, आणि तो असा का बदलला, याची एक ओळही लेखक खर्च करत नाही. कथानक हवे तितके बदलावे. माणूस बदलायचा असेल, तर त्याचे कारण कथेत दिसावे, एवढीच अपेक्षा आहे. परिच्छेद न पाडलेला मजकूर आणि ऐन प्रसंगात कंसात डोकावणारा लेखक यांविषयी बोलत नाही. अशी कथा मी सरळ बंद करते.

माझे प्रश्न दोन आहेत. पूर्ण झालेल्या आणि पात्रांशी इमान राखणाऱ्या कथा नेमक्या कशा शोधाव्यात? आणि थांबलेल्या कथेच्या लेखिकेला दडपण न आणता काही लिहिता येते का, की गप्प राहणेच बरे?

प्रतिसाद

ताई, पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सोपे आहे. कथांच्या यादीशेजारच्या फिल्टरमध्ये फक्त पूर्ण झालेल्या कथा दाखवण्याची सोय आहे. तिथेच शब्दसंख्येची मर्यादा घालता येते आणि नको असलेले टॅग, म्हणजे कथेला लावलेल्या विषयाच्या खुणा, वगळता येतात. एकाच अर्थाचे वेगवेगळे टॅग स्वयंसेवक एकमेकांना जोडून ठेवतात, त्यामुळे मुख्य टॅग वगळला की त्याला जोडलेले बाकीचेही सहसा गळतात. क्रम लावताना ‘हिट्स’वर, म्हणजे कथा किती वेळा उघडली गेली त्या आकड्यावर, विसंबू नका, वाचक नव्या प्रकरणासाठी परत आला की तो आकडा वाढत जातो. ‘कुडोज’, म्हणजे वाचकाने दिलेली शाबासकी, मात्र एका खात्यावरून एका कथेला एकदाच देता येतात.

पात्रांच्या बाबतीत कोणताही फिल्टर उपयोगी पडत नाही. मी आवडलेल्या कथेच्या लेखकाचे सार्वजनिक बुकमार्क उघडून पाहतो. ज्याला पात्राचा सूर नीट सापडलेला असतो, त्याला दुसऱ्याच्या लेखनातला बेसूरही चटकन खटकतो, त्यामुळे त्याने राखून ठेवलेल्या कथा सहसा वाया जात नाहीत.

लेखिकेला अवश्य लिहा, फक्त पुढच्या भागाचे नाव काढू नका. अस्तरातल्या त्या पत्रापाशी तुम्हाला काय वाटले, एवढेच लिहा. पुढचे प्रकरण आलेच तर ईमेलने कळावे, यासाठी कथेचे सबस्क्रिप्शन घेऊन ठेवा. आवडलेली कथा ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात उतरवूनही घ्या. काही लेखक आपले नाव काढून कथा ‘ऑर्फन’ करतात, तेव्हा ती संकेतस्थळावर राहते. पण लेखकाने ती पुसूनच टाकली, तर तुमच्याजवळची प्रत तेवढी उरते.

धागाकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. बुकमार्कांची वाट मला सुचली नव्हती, आजच पाहते. एक शंका राहिली: लेखिकेने नंतर काही दुरुस्त्या केल्या, तर त्या उतरवून घेतलेल्या प्रतीत आपोआप येतात का?

प्रतिसाद

नाही, फाइल पुन्हा उतरवावी लागते. जुनी प्रत मात्र लगेच पुसू नका. काही लेखक दुरुस्तीच्या नावाखाली शेवटच बदलतात.