नोकरी गेलीय, दुसरी मिळेपर्यंत सांगली-मिरजेत वरचे पैसे कुठून उभे करायचे?

कुपवाडचा_सेटर

नमस्कार मंडळी. वय ३४, कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये ७ वर्षं काढली, आधी ऑपरेटर नंतर सीएनसी सेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर नवीन काम लावून देणारा. ऑर्डरी कमी झाल्या म्हणून डिसेंबरात आम्हा काही जणांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आता एचआर फोन करून म्हणतोय राजीनामा लिहून द्या मग हिशेब करू, मी अजून दिलेला नाही.

पुण्याला, चाकणला बायोडाटा पाठवलेत, इथं पण दोन ठिकाणी बोलणं चालू आहे, पण तोवर घर चालायला पाहिजे. घरभाडं, पोरीची फी, गाडीचा हप्ता. बायको घरीच शिवण करते, ब्लाऊज आणि फॉल-पिको, त्यावर सध्या किराणा निघतोय. मूळ गाव जत तालुक्यात, त्यामुळं कन्नड चांगलं येतं. बाईक आहे, लायसन्स आहे, अंगमेहनतीला नाही म्हणणार नाही. फक्त काम असं पाहिजे की इंटरव्ह्यूचा फोन आला तर सोडून जाता येईल, आणि पैसे महिनाअखेरीला न मिळता लवकर हातात येतील.

टेलिग्रामवर एक मेसेज पण आलाय, घरबसल्या हॉटेलांना रेटिंग द्यायचं आणि दिवसाला दोन-तीन हजार. पहिल्या दिवशी खरंच दीडशे रुपये खात्यात आले. आता पुढच्या टास्कसाठी दोन हजार भरा म्हणतायत. कुणी केलंय का हे? आणि दुसरं काही सुचत असेल तर सांगा, लहान काम असलं तरी चालेल.

मिरज_जंक्शन

सगळ्यात आधी ते टेलिग्राम बंद कर भावा, आत्ताच्या आत्ता. दीडशे रुपये तुझा विश्वास बसावा म्हणून टाकलेत. दोन हजार भरलेस की स्क्रीनवर तीन हजार दिसतील पण काढता येणार नाहीत, मग काढण्यासाठी अजून पाच भरा, मग टॅक्स भरा, असं करत माणूस दागिने मोडेपर्यंत जातो. काम देणारा माणूस कधीही कामगाराकडून पैसे घेत नाही, मग ते डिपॉझिट म्हणू दे नाहीतर रजिस्ट्रेशन फी नाहीतर आयडी कार्डचा खर्च. आणि तुझं खातं नाहीतर सिमकार्ड काही दिवस वापरायला द्या म्हणाले तर अजिबात देऊ नको, दुसऱ्याच्या फसवणुकीचे पैसे त्यातून फिरवतात आणि पोलीस तुझ्या दारात येतात. कुणाचे पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन करायचा, जितका लवकर तितकी रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त.

आता कामाचं. तुला कन्नड येतं हे तू सहज लिहिलंस पण मिरजेत त्याला किंमत आहे. इथल्या दवाखान्यांत अथणी, विजापूर, बेळगाव भागातून किती पेशंट येतात ते तुला माहितीच असेल. बरोबर एखादा म्हातारा नाहीतर पोरसवदा नातेवाईक असतो, त्याला मराठी येत नाही, औषधं कुठून आणायची, रिपोर्ट कुठल्या खिडकीवर, योजनेचे कागद कुठं द्यायचे काही कळत नाही. रात्री पेशंटजवळ बसायला माणूस पाहिजे असतो, आणि कन्नड बोलणारा पुरुष माणूस मिळाला तर त्यांना देव भेटल्यासारखं होतं. वॉर्डातल्या मावशी, मामा आणि बाहेरच्या मेडिकलवाल्यांना सांगून ठेव, हे काम तोंडी ओळखीवरच चालतं. रात्रपाळी असल्यामुळं दिवस इंटरव्ह्यूला मोकळा राहतो आणि पैसे सकाळच्या सकाळी. फक्त एक पाळ, इंजेक्शन, सलाईन, नळी यातल्या कशालाही हात लावायचा नाही, सिस्टरला हाक मारायची. पेशंटला उठवणं, बाथरूमला नेणं, कूस बदलायला मदत, पाणी देणं एवढंच आपलं. आणि पेशंट दवाखाना बदलतोय म्हणून त्याला अमुक दवाखान्यात घेऊन ये, कमिशन देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नको.

कामगार_मित्र

राजीनामा देऊ नका. ही पहिली गोष्ट, बाकी सगळं नंतर.

तुम्ही ७ वर्षं सलग काम केलंय, म्हणजे ५ वर्षांची अट पूर्ण होते आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मालकानं द्यायची एकरकमी रक्कम, तुमच्या हक्काची आहे, शॉपमध्ये १० किंवा जास्त माणसं असतील तर. हिशेब सोपा आहे. शेवटचा महिन्याचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून समजा १३००० असेल, त्याला २६ नं भागा म्हणजे ५००, गुणिले १५ म्हणजे ७५००, गुणिले ७ वर्षं म्हणजे ५२५००. ही रक्कम ३० दिवसांत द्यायची असते. ही राजीनामा दिला तरी मिळते, पण कंपनीनं काम नाही म्हणून कमी केलं असेल तर त्याशिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार अशी भरपाई कामगाराला मिळते, आणि स्वखुशीनं सोडतो असं लिहून दिलं की या पैशांवर पाणी सोडावं लागतं. एचआरची घाई त्यासाठीच असते.

पगाराच्या स्लिपा, हजेरी कार्ड, ईएसआय कार्ड, पीएफचा यूएएन नंबर, आणि येऊ नका म्हणाल्याचा काही मेसेज असेल तर त्याचा स्क्रीनशॉट, सगळं एका फाईलीत लावा आणि सांगलीच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन तक्रार द्या. दिलेल्या अर्जाची पोच घ्या. एकटे जाऊ नका, तुमच्याबरोबर कमी केलेले जेवढे येतील तेवढे घेऊन जा. चार महिने लहानसहान काम करून जेवढे मिळणार नाहीत तेवढे पैसे तुमचे आधीच तिथं अडकलेत.

द्राक्षवाला_तासगाव

कामगार मित्रानं लाख मोलाचं सांगितलंय. आता मी माझ्या भागातलं सांगतो.

दादा, सीझन तोंडावर आलाय. बेदाण्याची शेडं सुरू होतील, एप्रिलपर्यंत तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भागात माणूस मिळत नाही अशी परिस्थिती असते. कामाचं स्वरूप सांगतो म्हणजे झेपेल का ते ठरवता येईल. बागेतनं क्रेट येतात, ते उतरून द्राक्षं टबात बुडवायची, त्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलचं पाणी असतं, त्यानं सालावरचा मेणाचा थर जातो आणि माल लवकर सुकतो. मग शेडात एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर घड पसरायचे. हिरवा माल पाहिजे असेल तर गंधकाची धुरी देतात. साधारण १२ ते १५ दिवसांत माल वाळतो, मग जाळ्या झाडायच्या, बेदाणा खाली पडतो, तो मशिनीवर घालून काड्या-देठ काढायचे, मग निवडणी आणि १५ किलोचे बॉक्स. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा, त्यावरनं किती वजन उचलावं लागतं ते ओळख. धुरीच्या वेळी तोंडाला नीट बांधायचं आणि शेडात थांबायचं नाही, आणि दमा असेल तर या कामाच्या वाटेला जाऊच नको.

पण तू सेटर माणूस, तुला क्रेट उचलण्यापेक्षा दुसरं काम आहे. ही काड्या काढायची मशिनं वर्षातले आठ महिने झाकून ठेवलेली असतात, आणि सीझनला चालू केली की बेअरिंग गेलंय, बेल्ट घसरतोय, पुलीची लाईन गेली, शाफ्ट वाकलाय हेच. माल झाडून पडलाय, आभाळ आलंय आणि मशीन बंद, अशा वेळी शेडवाल्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. सांगलीतनं मिस्त्री यायला दुसरा दिवस उजाडतो. बागायतदाराच्या ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरचंही तेच, फवारणी थांबली आणि दावणी रोग आला तर वर्षाचं पीक गेलं. तेव्हा पाना सेट, बेअरिंग पुलर, ग्रीस गन घेऊन बाईकवर फिरणारा माणूस असेल तर त्याला मागेल तेवढे नाही पण योग्य पैसे रोख मिळतात. चार शेडांवर काम चांगलं झालं की पाचवा स्वतःहून फोन करतो.

हजेरीनं कामावर गेलास तर दर आधी विचार आणि रोजची हजेरी स्वतःच्या वहीत पण लिही. आमच्याकडं बहुतेक ठिकाणी बाजाराच्या दिवशी हिशेब होतो.

विश्रामबागची_ताई

आमचा घरगुती केटरिंगचा व्यवसाय आहे म्हणून लिहिते. लग्नसराईत वाढपी कायम कमी पडतात. पैसे एका जेवणावळीमागं ठरतात, पंगती उठल्या की त्याच दिवशी द्यायची पद्धत आहे, आम्ही तरी तशीच देतो. काळी पँट, पांढरा शर्ट, नखं कापलेली, तंबाखू नाही, एवढ्या अटी. मंगल कार्यालयाच्या मॅनेजरला भेटून नंबर देऊन ठेवा, त्यांच्याकडं सगळ्या केटररची ये-जा असते.

मला खरं तर तुमच्या मिसेसबद्दल लिहायचं होतं. त्यांचं शिवण हे वरकड काम समजू नका, आत्ता घरात येणारा तोच पक्का पैसा आहे, तर तुम्ही मोकळे असताना तो वाढवा. लग्नसराईत बायकांना ब्लाऊज आणि फॉल-पिको दोन दिवसांत पाहिजे असतं आणि टेलर पंधरा दिवसांनी या म्हणतात. साडीच्या दुकानात जाऊन सांगा की फॉल-पिकोला साड्या आम्ही घेऊन जातो आणि परवा आणून देतो. ने-आण तुम्ही करा, काज-बटण, हूक लावणं तुम्ही शिका, इस्त्री तुम्ही करा, म्हणजे त्यांचा सगळा वेळ मशिनीवर जाईल. अर्जंटचे जास्त पैसे घ्या आणि ते आधी सांगा. एप्रिल-मेमध्ये शाळेच्या युनिफॉर्मची कामं निघतात, त्यासाठी आत्तापासून दुकानदारांच्या ओळखी करून ठेवा. शिंपीकाम पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत आहे, ट्रेनिंगच्या काळात दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५००० पर्यंत मदत असते. घरात एकालाच मिळतं, तेव्हा अर्ज त्यांच्या नावानं करा. लगेच पैसे मिळतील या भरवशावर मात्र राहू नका.

माधवनगर_रोड

थोडक्यात दोन गोष्टी. डिलिव्हरीला गेलास तर गाडीची पॉलिसी वाचून घे, खासगी गाडी धंद्याला वापरली म्हणून अपघाताचा क्लेम अडकवू शकतात.

दुसरं, वसंतदादा इस्टेटमध्ये आणि मिरज एमआयडीसीत एक-दोन मशिनींची छोटी जॉबवर्कवाली शॉप्स आहेत, मालक स्वतःच मशीनवर उभा असतो. त्यांना पूर्णवेळ सेटर परवडत नाही, पण नवीन जॉब आला की प्रोग्रॅम करून पहिला पीस पास करून देणारा माणूस पाहिजेच असतो. पैसे एका सेटिंगमागं ठरवून घे, तासावर नको. बायोडाटात पण हेच लिहिता येतं, गॅप दिसत नाही.

कुपवाडचा_सेटर

सगळ्यांचे मनापासून आभार. टेलिग्राम ब्लॉक केलं. राजीनामा देणार नाही, आमच्यातले अजून चौघं कामगार ऑफिसला यायला तयार झालेत, सोमवारी जातोय. बायकोला ताईंचं वाचून दाखवलं, ती म्हणाली साडीच्या दुकानात मीच बोलणार, तुम्ही फक्त गाडी काढा.

एकच विचारतो. आमच्या शॉपमधली पोरं मला सर म्हणायची, सासरची माणसं पण सांगलीतच आहेत. मंगल कार्यालयात वाढताना नाहीतर शेडवर ओळखीचं कुणी भेटलं तर कसं वाटेल हे डोक्यातनं जात नाही.

मिरज_जंक्शन

वाटणार. पहिल्यांदा वाटणारच, ते खोटं कशाला सांगू. पण ओळखीच्याला आपणच हाक मारायची आणि सरळ सांगायचं, कंपनीनं कमी केलंय, नवीन बघतोय, तुमच्याकडं कुठं सेटरची जागा असेल तर कळवा. मला आत्ताची नोकरी अशीच लागली, दवाखान्यात रात्री बसायचो त्या पेशंटच्या पुतण्यानं नाव सुचवलं. घरी बसून लपवत राहिलास तर तू रिकामा आहेस हे कुणाला कळणारच नाही. आणि सासऱ्यांना दुसऱ्याकडनं कळायच्या आधी तूच सांग.

कुपवाडचा_सेटर

बरोबर आहे. आज संध्याकाळी सासऱ्यांकडं जाऊन येतो. तासगाववाले दादा, मंगळवारी तुमच्या भागात आलो तर शेडं दाखवाल का? काय काय घेऊन येऊ?

द्राक्षवाला_तासगाव

ये की. सात वाजायच्या आत पोच, दहानंतर सगळे कामाच्या गडबडीत असतात, कुणी बोलणार नाही. जुना फुल बाह्यांचा शर्ट घाल, डिपिंगच्या पाण्यानं हात चरचरतात म्हणून रबरी हातमोजे आण, आणि पाना सेट बरोबर ठेव. माझ्याच मशिनीची पुली गेल्या वर्षीपासनं आवाज करतीय, आधी ती बघू आणि मग शेजारच्या शेडांवर जाऊ. तिचे पैसे देणार हं, ओळखीत काम फुकट करायची सवय लावून घेऊ नको. बाकी निरोपात नंबर पाठवतो.