मदत हवी आहे: मसाई माराच्या गारठ्यात पीठ आंबेना

नमस्कार मंडळी. केनियात मसाई माराच्या एका तंबू कॅम्पवर स्वयंपाकघर सांभाळतो. जुलै ते ऑक्टोबर वाइल्डबीस्टचे कळप इकडे येतात, तेव्हा पुण्या-मुंबईच्या ग्रुपांची रीघ लागते. काही शाकाहारी, काही जैन, आणि एखाद्या काकूंची नेमकी त्याच दिवशी चतुर्थी!

आम्ही दीड हजार मीटरच्या वर आहोत, पहाटे चांगलाच गारठा असतो. रात्री जनरेटर बंद. इडलीचं पीठ सकाळी जसंच्या तसं, दहीही पातळ. डब्याला घोंगडी गुंडाळली, चुलीच्या राखेशेजारी ठेवून पाहिलं. एका बाजूने फुगतं, दुसरीकडे ढिम्म. (पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, पण डाळीचं कुकरने निभावतं.)

दुसरं म्हणजे, पाहुणे पहाटेच जीपने सफारीला निघतात, नाश्ता सोबत द्यावा लागतो. केनियात २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, २०२० पासून अभयारण्यांत एकदाच वापरायचं प्लास्टिकही चालत नाही. म्हणून सगळं स्टीलच्या डब्यात. सँडविच ओलं होतं, आणि रोज ठेपले किती देणार? ताजं म्हणाल तर कोबी, टोमॅटो आणि सुकुमा नावाची पालेभाजी. पोहे, कढीपत्ता नैरोबीहून, गाडी येईल तेव्हा.

महाबळेश्वर-पाचगणीकडे खानावळ चालवणारं कुणी आहे का इथे? थंडीत पीठ कसं आंबवता? इनो सुचवू नका, मालक गुजराती आहेत, पहिल्या घासाला ओळखतात. आणि कांदा, लसूण, बटाटा न घालता चार तास टिकेल असं काय देऊ? सुकुमाच्या पानांच्या अळूवडीसारख्या वड्या होतील का? पुढचा ग्रुप शुक्रवारी येतोय.