आईला भेटायला दर रविवारी जावं की नको?

शेवंती:
आई ८१ वर्षांची, स्मृतिभ्रंश. सव्वा वर्षापासून पुण्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमात आहे. मी दर रविवारी चारला जाते. निघायची वेळ झाली की ती पिशवी भरते. टॉवेल, कंगवा, देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा. "चल, झालं माझं." मग रात्रीपर्यंत फाटकाशी उभी असते, असं तिथल्या मावशी सांगतात. दादा म्हणतो, महिन्यातून एकदाच जा, उगाच तिला त्रास. मलाही ते पटू लागलंय. तशीही ती मला आत्याच समजते.

सडेतोड:
राग मानू नका, पण त्रास तिला होतो की तुम्हाला बघवत नाही? माझे वडील दोन वर्षं अशाच ठिकाणी होते. मी न सांगता, कुठल्याही वारी जायचो. गप्पा नंतर, आधी टाचा आणि माकडहाड बघायचो. एकदा माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला, दाबला तरी पांढरा पडेना. बेडसोअरची सुरुवात. महिन्याने गेलो असतो तर तिथे जखम असती. ज्याचं माणूस येतं त्याची कूस वेळेवर बदलली जाते. कटू आहे, पण मी पाहिलंय.

माहेरवाशीण:
दादा, तुमचे वडील अंथरुणावर होते, यांची आई हिंडती-फिरती आहे. सासूबाईंकडे मी दर आठवड्याला जायचे ते चार लोकांच्या धाकाने. बस, पुढे रिक्षा, आणि तिथे जाऊन मोबाइलच बघायचा. पुढे पंधरा दिवसांनी जाऊ लागले, निदान माझा चेहरा बरा असायचा. आणि पाच मिनिटांत विसरतात, मग आठवड्याने काय नि महिन्याने काय?

सडेतोड:
विसरतात ती भेट. आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांना हसवणारे आणि रडवणारे चित्रपटांचे तुकडे दाखवले होते, २०१४ मध्ये अभ्यास छापून आला. काय पाहिलं ते आठवेना, पण आनंद किंवा दुःख मागे रेंगाळत होतं.

अण्णा:
आपल्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निर्वाहखर्च मागता येतो, भेट नाही. चीनने २०१३ पासून वरचेवर भेटणंसुद्धा कायद्यात घातलंय.

माहेरवाशीण:
म्हणजे आता समन्स काढून लेकीला बोलवायचं? काहीतरीच!

रातपाळी:
मी अशाच ठिकाणी काम करते. ताई, चारला येताय तिथेच घोळ आहे. या आजारात दिवस कलला की पुष्कळांचा जीव कावराबावरा होतो, कुणी येवो न येवो. अकराला या. जेवणाचं ताट समोर आलं की उठा. पर्स, छत्री आधीच बाहेर ठेवा. ती उचललेली दिसली की त्याही निघतात. "मी कोण, ओळख" असलं विचारू नका. हाताला काम द्या. आमच्याकडच्या एक आजी नाव सांगत नाहीत, पण वाती वळतात.
आणि सडेतोडदादा, न सांगता जरूर या, फक्त आंघोळीच्या वेळी दार ढकलू नका.

शेवंती:
काल अकराला गेले. अर्धा किलो मटार नेले होते. आईने निम्मे सोलले, किडका दाणा बरोब्बर बाजूला टाकला, आणि मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही फार जाड सालं ठेवता." मटारला कसली सालं! आमटी-भात आला तशी मी उठले. पिशवी भरली नाही. संध्याकाळी मात्र फाटकाशी गेलीच, मावशींचा फोन आला होता.
दादाला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला.