नागीण बरी झाली, ठणका जात नाही – आईच्या औषधांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी आई ७४ वर्षांची आहे, साताऱ्यात आमच्याजवळच असते. गेल्या दिवाळीच्या सुमारास तिला उजव्या बाजूला, पाठीपासून छातीखालपर्यंत नागीण उठली. विषाणूवरच्या गोळ्या दुसऱ्याच दिवशी सुरू केल्या, पुढे खपल्याही धरल्या आणि पडल्या. दुखणं मात्र राहिलं ते राहिलंच. डॉक्टरांनी केसपेपरवर 'पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया' लिहिलंय. पुरळ उठल्यानंतर तीन महिने उलटूनही दुखत असेल तर नसच दुखावलेली असते, असं त्यांनी समजावलं.

ब्लाउजची शिवण नुसती टेकली तरी ती कळवळते. म्हणून घरात बाबांचा जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला सदरा घालते. पंख्याचं वारं त्या बाजूला लागलेलं चालत नाही. पण तीच जागा तळहाताने घट्ट दाबून धरली की जरा बरं वाटतं तिला. रात्री दोन-अडीचला उठून पाहावं तर कॉटवर तशीच हात दाबून बसलेली असते. मला उठवत नाही.

आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी साध्या वेदनाशामक गोळ्या दिल्या. नसेच्या दुखण्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही, आणि आईला जुना मधुमेह. किडनीही अशक्त: क्रिएटिनिन १.६, ईजीएफआर (किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा) ३४. किडनीच्या डॉक्टरांनी त्या गोळ्या ताबडतोब बंद करायला लावल्या.

मग नसेच्या दुखण्यावरचं प्रिगाबालिन, रात्री ७५ मिलिग्रॅम. आठवडाभरात झोप लागायला लागली, आम्हाला हायसं वाटलं. डोस सकाळ-संध्याकाळ केल्यावर मात्र दिवसभर गुंगी, बाथरूमला जाताना तोल जायचा, पायांवर सूज. ब्लडप्रेशरसाठी अम्लोडिपिन सुरू आहेच, त्यामुळे सूज नेमकी कशाची तेही कळेना. हे औषध किडनीवाटेच बाहेर पडतं, म्हणून डोस फार वाढवता येणार नाही म्हणाले. पुन्हा रात्रीच्या एका गोळीवर आणलं. त्यानंतर ईसीजी काढून नॉरट्रिप्टिलिन (नैराश्यावरचं, पण नसेच्या दुखण्यालाही देतात ते औषध) १० मिलिग्रॅम जोडून पाहिलं. ठणका थोडा उतरला, पण तोंड सारखं कोरडं, बद्धकोष्ठता, लघवीला अडखळायला लागलं. तेही थांबवलं.

आता त्याच कामासाठी देतात त्या ड्युलॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा विचार चालू आहे. ईजीएफआर ३० च्या खाली गेला तर ते देत नाहीत आणि आई त्या रेषेच्या अगदी जवळ आहे, म्हणून डॉक्टर कचरताहेत. दुसऱ्या एका ठिकाणी सरळ ट्रामाडोल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक लिहून दिलं होतं. ते २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. ड्युलॉक्सेटिनसोबत ते घेणं धोक्याचं ठरू शकतं, हेही वाचलं. ते अजून आणलेलं नाही.

लिडोकेनचे (जागा बधिर करणाऱ्या औषधाचे) ५ टक्क्यांचे, कातडीवर चिकटवायचे पॅच कोणी वापरलेत का? बारा तास लावायचे, बारा तास काढायचे, हे माहीत आहे. औषध रक्तात फार कमी उतरतं म्हणतात, म्हणून आईसारखीसाठी मला त्यातच जास्त आशा वाटते. पण उन्हाळ्यात घामाने सुटतात का? पॅच काढताना कातडी ओढली जाऊन उलट जास्त दुखतं का? आमच्या इथल्या औषधांच्या दुकानात ठेवत नाहीत, मागवावे लागतात, म्हणून आधी विचारते आहे. मिरचीतल्या कॅप्सायसिनचं मलम कोणी घरच्या म्हाताऱ्या माणसाला लावलं असेल तर सुरुवातीची आग किती दिवस सोसावी लागली, तेही सांगा.

किडनी अशी असताना ड्युलॉक्सेटिन कोणाला चाललंय का, किती डोसने सुरू केलं, मळमळ कधी थांबली? शिवाय न्यूरॉलॉजिस्टकडेच (नसांच्या डॉक्टरांकडे) राहावं की पुण्याला पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे दुखण्यावरच्या खास दवाखान्यात न्यावं? तिथे नसेजवळ इंजेक्शन देतात असं ऐकलं. त्यात स्टेरॉइड असलं तर मधुमेहात साखर वाढते, त्याचं काय करतात?

'या वयात थोडं सोसावंच लागतं' असं एका मोठ्या दवाखान्यात तिच्या तोंडावर सांगितलं. त्या दिवसापासून ती विचारलं तरी 'बरंय गं' एवढंच म्हणते. मला ते फार लागलंय. दुखणं पूर्ण जाईल असं आम्ही धरून बसलो नाही. तिला सलग चार-पाच तास झोप मिळावी, आणि सकाळी डोकं ठिकाणावर राहून तिला तिची पोथी वाचता यावी, एवढंच पाहतोय.

गेरू, मंत्र, उतारा कृपया सुचवू नका, दुखावलेल्या नसेपर्यंत त्यातलं काही पोचत नाही. कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू किंवा बंद करणार नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहा. लिहिताना रुग्णाचं वय आणि किडनीचा त्रास होता का, एवढं जरूर सांगा. तिशीतल्या माणसाला चाललेला डोस आईच्या कामाचा नाही. या महिनाअखेरीस पुन्हा दाखवायचं आहे, तुमची उत्तरं वहीत उतरवून डॉक्टरांसमोर ठेवेन.